घारी कोणाच्या नावावर

पोरं ऐकत नाहीत हे माणूस चालवून घेतो, बायको ऐकत नाही हेही कुरकुरत गिळतो. पण कुत्रं ऐकत नाही हे चारचौघांत दिसलं की भल्याभल्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होतो. ‘द्राक्षबन नगरी’च्या पटांगणावर संध्याकाळी असे चेहरे हवे तेवढे बघायला मिळत. नाशिकच्या बाहेर चांगल्या पिकत्या बागा उपटून ही नगरी उभी केली, आणि वेलींची आठवण म्हणून फाटकावर सिमेंटचा घड बसवला. त्यावरूनच तिथल्या मंडळींच्या अकलेची कल्पना यावी. घरात आईशी मराठीत भांडणारी ही माणसं पटांगणावर आली की कुत्र्याशी इंग्रजीत बोलत. ‘कम हिअर, कम हिअर’ करून घसा फोडत, आणि मोठ्या खानदानातली ती कुत्री त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता कचरापेटीमागची कोंबडीची हाडं हुंगायला जात.

हेमांगी टिपणीस बाकावर बसून हा तमाशा बघायची आणि पदराआड हसायची. चित्रकला शिकवून ती शाळेतून निवृत्त झाली होती. तिची कुत्री कुठल्याच खानदानातली नव्हती. बांधकामाच्या वाळूत सापडलेलं पिल्लू, डोळे घारे, म्हणून नाव घारी. पण हेमांगीनं नुसतं ‘ये गं’ म्हटलं की पटांगणाच्या कुठल्याही टोकाहून घारी कान मागे टाकून धावत यायची आणि तिच्या पायांशी येऊन थांबायची.

“काकू, काय जादू आहे हो?” बीगलवाले विचारायचे.

जादू कसली डोंबलाची! हेमांगीनं सात-आठ महिने त्यात घातले होते. आधी घरातल्या घरात, मग कपडे वाळत घालायची लांब दोरी गळ्यात बांधून मोकळ्या माळावर, मग दोरी जमिनीवर सोडून, आणि सगळ्यात शेवटी दोरीशिवाय. घारी आपल्याकडे वळायच्या बेतात असली की तेवढ्यातच हाक मारायची. ती मांजरामागे लागलेली असताना मारायचीच नाही, कारण फुकट गेलेल्या हाकेचा कस जातो. आली की दर वेळी तोंडात काहीतरी चांगलं पडलं पाहिजे. आणि ज्या कामाचा तिला तिटकारा, म्हणजे आंघोळ, नखं कापणं, औषध, त्यासाठी हाक मारायची नाही. त्यासाठी आपण उठून तिच्याकडे जायचं.

चांगलं म्हणजे काय, तर सोडे. टिपणीस पडले सीकेपी. अलिबागहून आलेला सुकवलेल्या कोळंबीचा डबा त्यांच्या घरात देवघराच्या खालोखाल मानाचा.

“कुत्रीला सोडे?” यदुनाथ टिपणीस ताटावरून ओरडले होते. “अगं, सोडे वांग्यात घालतात, कुत्रीच्या नरड्यात नाही!”

हे यदुनाथराव एका सरकारी खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं टेबलावरची घंटा दाबून माणसं बोलावण्यात गेली होती. ‘साहेबांनी बोलावलंय’ म्हटलं की हाताखालचे मनातल्या मनात रामरक्षा म्हणू लागायचे, कारण कौतुक करायला साहेबांनी आजवर कुणालाच बोलावलं नव्हतं. घंटा सरकारजमा झाली, पण खोड काही गेली नाही. घारीनं चप्पल कुरतडली की मगच त्यांना तिची आठवण व्हायची. “ए घारी! इकडे ये!” अशी गर्जना झाली की घारी दिवाणाखाली जायची. तिला अक्कल होती.

आणि अशा ह्या कुत्रीचे कायदेशीर मालक कोण? तर यदुनाथ टिपणीस!

ही करणी हेमांगीचीच. महापालिकेनं कुत्र्यांची नोंदणी सक्तीची केली तेव्हा फोन हातात घेऊन तीच बसली होती. घर ह्यांच्या नावावर, वीज ह्यांच्या नावावर, गॅस ह्यांच्या नावावर, फार काय, ती चालवत असलेली स्कूटरसुद्धा ह्यांच्याच नावावर. त्यामुळे ‘मालकाचे नाव’ असा चौकोन दिसल्याबरोबर तिच्या बोटांनी नवऱ्याचं नाव घातलं. डोक्याला विचारायची गरजच पडली नाही. नगरीतल्या सगळ्या बायकांनी हेच केलं होतं. कुत्र्याची शी-शू काढणार बाई, आणि मालक म्हणून नाव लागणार अशा पुरुषाचं, ज्याला ते कुत्रं डाव्या कानानं बहिरं आहे हेही माहीत नाही.

मग कुठल्याशा नगरीत एका सुट्या कुत्र्यानं पोराला फाडलं आणि नवा नियम आला. कुत्रं पटांगणावर सुटं सोडायचं असेल तर ते हाकेला येतं हे सिद्ध करा. नाहीतर जन्मभर साखळी, आणि साखळीचा नियम मोडला तर कुत्रं जप्त.

नियमापाठोपाठ यंत्र आलं. आपल्याकडे हे दोघं जोडीनंच येतात.

यंत्राचं नाव ‘इमान’. कंपनीची शाल्मली नावाची मुलगी ते घेऊन घरोघर फिरायची. मुलगी गोड होती आणि समजावून सांगायची हौसही तिला होती. “काकू, हाक ऐकल्यावर कुत्र्याच्या मेंदूच्या आत, खोलवर, एक छोटा भाग जागा होतो,” तिनं सांगितलं. “पुढे काहीतरी चांगलं मिळणार असं वाटलं की तिथे रसायन पाझरतं आणि पाय आपोआप त्या दिशेला लागतात. आपण कपाळाच्या पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा तांबडा प्रकाश आत सोडतो. परतून किती येतो त्यावरून रक्त कुठे धावलं ते कळतं. बाकीचा अंदाज काळजाच्या ठोक्यांवरून आणि कानांच्या हालचालीवरून यंत्र बांधतं. शेवटी शंभरापैकी एक आकडा मिळतो. आम्ही त्याला ओढ म्हणतो.”

पटांगणावर पहिली चाचणी झाली. महापालिकेचे तपासनीस वाघचौरे घामाघूम होऊन खुर्चीत बसले होते. बीगलवाल्यांची ओढ बत्तीस निघाली आणि त्यांच्या बायकोनं मान खाली घातली. टिपणीसांचं नाव पुकारलं, तशी हेमांगी पुढे झाली.

“तुम्ही नाही, मालक पाहिजे,” वाघचौरे म्हणाले. “नोंदणी ज्यांच्या नावावर, हाक त्यांचीच.”

यदुनाथराव पांढरे बूट घालून आले होते. त्यांनी घसा खाकरून गर्जना केली. घारी जागची हलली नाही, फक्त शेपूट पायांत घातलं. पडद्यावर आकडा आला नऊ. कुणीतरी पोटात न मावलेलं हसू सोडलं. शाल्मलीनं भाबडेपणानं, केवळ तुलना म्हणून, काकूंना हाक मारायला सांगितली. आकडा ब्याण्णव झाला आणि घारी दोरीला हिसके देऊ लागली. यदुनाथरावांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू तिनं कार्यालयातली फाइल पळवली होती.

“नाव बदलून घेऊ या ना, अहो,” घरी आल्यावर हेमांगी म्हणाली. “तुमची फक्त सही लागेल. तुम्हालाही जाच नको आणि तिलाही नको.”

“म्हणजे मला जमत नाही असं लिहून देऊ? चारशे माणसं हाताखाली होती माझ्या!”

“ती पगारावर होती.”

हे तिच्या तोंडून निसटलं खरं, पण त्यानंतर सहीचा विषय निघणं शक्य नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शाल्मलीला बोलावलं आणि ‘इमान’चा वरचा, महागातला प्रकार मागवला. हा प्रकार नुसता मोजत नसे, तो द्यायचाही. कानामागे कातडीखाली तिळाएवढी चकती, आणि तिला वीज पुरवणारा पट्टा गळ्यात. मालकाचा आवाज कानी पडला की पट्टा तो कंपनीच्या दूरच्या संगणकाकडून ओळखून घ्यायचा, आणि लगेच चकतीतून न ऐकू येणाऱ्या ध्वनीची बारीक लहर मेंदूतल्या नेमक्या त्या ठिकाणी जायची. सोडे नकोत, दोरी नको, सात महिने नकोत. मालकानं हाक मारायची, ओढ यंत्र पुरवणार.

शाल्मली पट्टा बसवायला आली त्या दुपारी एक गंमत झाली. यंत्र नीट लागलंय का हे बघायला तिनं मोजायची पट्टी सहज हेमांगीच्या कपाळाला लावली. “माणसालाही चालते, काकू. बसा निवांत.” तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, “अगं, जरा इकडे ये!” हेमांगी उठली आणि वायर सांभाळत आत गेली. पंखा कमी करायचा होता. रिमोट यदुनाथरावांच्या उशाशीच होता. तो तिनं त्यांच्या हातात दिला आणि ती परत येऊन बसली.

शाल्मली पडद्याकडे बघत राहिली होती. “काकू, तुम्ही गेलात.”

“गेले की.”

“पण इथे काहीच हललं नाही. ओढ शून्य.”

“बिघडलं असेल तुझं यंत्र.”

“नाही हो, चांगलं चाललंय.” मुलगी गोंधळून गेली. “सवयीनं होतं ना, त्याचा भाग मेंदूत वेगळा असतो. तो आम्ही मोजत नाही. म्हणजे... ओढ नसली तरी पाय चालतात.”

हेमांगी खूप हसली. चहा टाकताना मात्र तिला स्वतःचा इतका राग आला की साखर दोनदा पडली. लग्नाची बत्तीस वर्षं! आणि एकदाही मनात आलं नाही की न उठलं तरी चालेल.

पट्टा बसला आणि घारी बदलली. यदुनाथरावांनी नुसतं ‘ए’ म्हणायचा अवकाश, ती अर्धी भाकरी टाकून त्यांच्यापुढे हजर. मग काय विचारता! साहेबांना घंटा परत मिळाली. आल्यागेल्यापुढे, दूधवाल्यापुढे, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसापुढे प्रयोग सुरू झाले. घारी आली की तिला परत पाठवायचं आणि पुन्हा बोलवायचं. काम काहीच नसायचं. महिन्याभरात त्यांना खरोखरच वाटू लागलं की हे सगळं आपल्या व्यक्तिमत्त्वामुळे घडतंय.

“आवाजात अधिकार लागतो,” ते नगरीच्या सभेत ऐंशी माणसांपुढे बोलले. “माया-बिया ठीक आहे, पण शेवटी हुकूम तो हुकूम. प्राण्याला ते कळतं.”

ऐंशीही जणांच्या कुत्र्यांच्या गळ्यात तोच पट्टा होता, आणि ऐंशीही जणांनी माना डोलावल्या. निर्लज्जपणाला काही सीमा असते असं हेमांगी त्या दिवसापर्यंत समजत होती.

तिची मात्र घारी गेली होती. ‘ये गं’ म्हटलं तर कान हलायचा, पण मान वळत नसे. दिवसभर ती यदुनाथरावांच्या खुर्चीपुढे बसून त्यांच्या तोंडाकडे टक लावून असायची. ते जांभई द्यायला तोंड उघडत तरी थरथरायची. मांजर शेजारून गेलं तरी बघायची नाही. सोडे पुढे ठेवले तर हुंगून सोडून द्यायची. बरगड्या दिसायला लागल्या. हेमांगीला एका सकाळी तिच्यापुढे ताटली घेऊन बसलेली असताना रडू फुटलं. आई गेली तेव्हाही ती इतकं रडली नव्हती, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

तिनं शाल्मलीला गाठलं. “मुली, ती येते, पण खूश नाही गं ती. शेपूटसुद्धा हलत नाही तिचं.”

शाल्मलीनं आधी टाळाटाळ केली, मग आवाज खाली आणला. “काकू, ओढ वेगळी आणि सुख वेगळं. मेंदूत दोन्हीच्या वाटा वेगळ्या आहेत. आम्ही ओढ वाढवतो. आल्यावर तिला छान वाटतं का, हे... त्यात नाही येत. खाजेसारखं आहे ते. खाजवावंसं वाटतं, पण खाजवून पोट भरत नाही.”

“हे लोकांना सांगता का तुम्ही?”

“कोण विचारतं, काकू? सगळे एवढंच विचारतात, शंभर टक्के येईल ना?”

त्या मुलीचा हेमांगीला राग आला नाही. तिला किळस आली ती त्या ऐंशी डोलणाऱ्या मानांची, आणि त्या डोलवणारा माणूस आपल्या घरातला होता ह्याची. तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं, पट्टा काढा म्हणून हात जोडले. ते वर्तमानपत्रातून डोकंही न काढता म्हणाले, “तुला बघवत नाही, एवढंच आहे ते.”

आणि मग तो रविवार उजाडला. कंपनीचा दूरचा संगणक कुठेतरी बंद पडला. भर संध्याकाळी पटांगण भरलेलं असताना एकाही पट्ट्याला एकाही मालकाचा आवाज ओळखू येईना. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. बीगलवाले ओरडले, मग हस्कीवाले, मग सगळेच. मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं तोंडाला फेस येईतो किंचाळत होती आणि कुत्री ऐकतच नव्हती. काही जागच्या जागी बसून मालकाच्या तोंडाकडे बघत राहिली, काही फाटकातून थेट हमरस्त्यावर गेली. ती शोधायला लोक दोन दिवस हिंडत होते. दोन-तीन कुत्री गाडीखाली सापडली, एक कालव्यात. घारी यदुनाथरावांच्या पुढ्यातच बसली होती. ते ‘ए, ए’ करत होते आणि ती नुसती बघत होती, येणं म्हणजे काय तेच विसरल्यासारखी. हेमांगीनं तिला उचलून घरी आणलं. पूर्वी ती उचलायला जड जायची.

महापालिकेला जाग आली. महिन्याभरात फिरून चाचणी, आणि ह्या वेळी पट्ट्याशिवाय. जे कुत्रं नापास होईल ते साखळीचा प्रश्नच न ठेवता थेट निवारा केंद्रात जमा. हमरस्त्यावर त्या दिवशी कुत्र्याला चुकवताना एक मोटारसायकलवालाही पडून मेला होता, त्यामुळे सगळ्यांना आता कडकपणा दाखवायचा होता.

हेमांगी रीतसर नवऱ्याच्या पुढ्यात जाऊन बसली. “दोन वाटा आहेत. एक तर सही करा, ती माझ्या नावावर होऊ दे. मी पुन्हा पहिल्यापासून शिकवीन, दोरी बांधून. नाहीतर तुम्ही शिका. रोज थोडा वेळ तिच्याजवळ खाली बसा. हाक मारू नका, काही मागू नका, हातात सोडे घेऊन नुसते बसा. महिन्यात येईल ती.”

“मी? खाली? कुत्रीपुढे?”

“तिला घेऊन जातील हो!”

“कुणाची हिंमत आहे? वाघचौरेच्या वरच्या साहेबाला मी ओळखतो.” आणि सही? “सही बिही काही नाही. माझ्या नावावरचं माझ्याच नावावर राहील.”

वरचा साहेब बदलून गेला होता. यदुनाथरावांनी महिनाभर काहीच केलं नाही. हेमांगी रोज घारीच्या शेजारी फरशीवर बसली, आणि शेवटच्या आठवड्यात घारीनं तिच्या हातातून एक सोडा उचलला, इकडेतिकडे बघितलं आणि खाल्ला. तेवढंच. पण चाचणीत हाक मारणारी ती नव्हती.

चाचणीच्या सकाळी पटांगणाच्या कडेला केंद्राची जाळीची गाडी उभी होती. तिच्यात आधीच बरीच खानदानी मंडळी विव्हळत होती. वाघचौरेंनी पट्टा काढून घेतला, घारीला मध्यभागी नेऊन सोडलं. रात्री थोडा शिडकावा झाल्यानं मैदानात चिखल होता. यदुनाथराव चुन्याच्या रेघेवर उभे राहिले, पांढऱ्या बुटांत.

“ए घारी! इकडे ये!”

घारीनं मान वर केली. त्यांच्या तोंडाकडे बघत ती वाट बघत राहिली. पट्ट्यातून जे यायचं ते आलं नाही. तिनं अंग झटकलं आणि ती चिखलात खाली बसली.

“ए! इकडे ये म्हणतो ना!”

लोक बघत होते. वाघचौरे घड्याळाकडे बघत होते. हेमांगी पुढे झाली. “साहेब, नियम काय आहे तो एकदा मोठ्यानं वाचा ना.”

वाघचौरेंनी हातातला फोन डोळ्यांजवळ धरला. “दिलेल्या वेळेत... मालक व श्वान यांच्यातील अंतर एका हाताहून कमी झाले पाहिजे.”

“कोणी चालायचं ते लिहिलंय का?”

वाघचौरेंनी दोनदा वाचलं, टोपी मागे सरकवली. त्यांच्या तोंडावर हसू आलं. “नाही बुवा. फक्त अंतर लिहिलंय.”

हेमांगी नवऱ्याजवळ गेली आणि फक्त त्यांना ऐकू जाईल असं बोलली. “अहो, जा तिच्याकडे. ती उठून पळणार नाही, मी सांगते. चालत जा आणि शेजारी उभे राहा, झालं. नियमात बसतं. तुमचा नियम, तुमचं नाव, सगळं तुमच्याकडेच राहू दे. फक्त जा.”

यदुनाथरावांनी चिखलाकडे पाहिलं. मग कडेनं उभ्या असलेल्या बीगलवाल्यांकडे, हस्कीवाल्यांकडे, सभेत माना डोलावणाऱ्या त्या ऐंशी जणांकडे पाहिलं. अंतर फारसं नव्हतं. एखादा लहान मुलगा पळत गेला असता. हेमांगी त्यांच्या बुटांकडे बघत होती. तिला अगदी मनापासून वाटत होतं की त्यातला एक तरी पुढे पडावा. पडला असता तर तिनं बाकीचं सगळं, सभा, फाइल, पंख्याचा रिमोट, सगळं पोटात घातलं असतं.

“मी जाणार नाही,” ते म्हणाले. “ती येईल.”

“नाही येणार.”

“मग जाऊ दे तिला. एका कुत्रीसाठी मी माझी शोभा करून घेऊ काय?”

वेळ संपली. वाघचौरेंनी खूण केली. दोन माणसांनी घारीला उचलून गाडीत घातलं. तिनं अंगही आखडलं नाही. यदुनाथराव वळून लोकांना सांगू लागले की यंत्रात मुळातच दोष होता, आपण तेव्हाच म्हणालो होतो.

हेमांगीला वाटलं होतं, संताप येईल. तो आलाच नाही. ह्या माणसाला आपण इतकी वर्षं घाबरलो, एवढंच तिला वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली. एवढासा तर होता! तिनं चप्पल चिखलातून ओढत गाडी गाठली, पुढचं दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसली.

“बाई, तुम्ही कुठं?” ड्रायव्हर दचकला.

“केंद्रात. जमा झालेलं कुत्रं दुसऱ्या कुणाला घेता येतं ना?”

“येतं की. पहिल्या मालकाचा हक्क गेलाच. पण आता लगेच?”

“लगेच.”

मागून हाक आली. “अगं! अगं, इकडे ये! कुठे निघालीस?” ड्रायव्हरनं आरशात बघितलं. “साहेब बोलावताहेत तुम्हाला.”

“ऐकू येतंय मला,” हेमांगी म्हणाली. “तुम्ही गाडी काढा.”

केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. फिनेलचा वास, पत्र्याचं छप्पर, आणि एका टेबलामागे पान चघळत बसलेला कारकून. घारीला समोरच्याच पिंजऱ्यात ठेवलं होतं. ती कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हती. पुढच्या पायावरचा चिखल चाटत होती.

कारकुनानं हेमांगीला खालीवर न्याहाळलं. “घरातले पुरुष कुठायत? मालकाचं नाव लागेल.”

“मालक मी आहे.”

“तसं नाही बाई, म्हणजे ज्यांच्या नावावर...”

“माझ्याच नावावर. लिहा, हेमांगी.”

तो टंकू लागला. “बरं. पत्ता?”

फ्लॅट नंबर हेमांगीच्या जिभेवर आला होता, आणि तो आता आपला नाही हे तिला तिथेच, त्या टेबलाशी उभी असताना कळलं. तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

“पत्ता सांगा की बाई. मागं लोक थांबलेत.”

“तो अजून शोधायचाय,” ती म्हणाली. “आधी नाव लिहून घ्या.”